पडद्याविना संगणक : पहिली कळ स्वतःच्याच हाताने

संगणक म्हटला की डोळ्यांपुढे प्रथम उभा राहतो तो त्याचा पडदा. दुकानात गेलेला ग्राहकही आधी पडदा किती इंचांचा ते विचारतो आणि मग किमतीकडे वळतो. प्रत्यक्षात संगणकाला काम करण्यासाठी पडद्याची गरज नसते. आकडेमोड करणारे, माहिती साठवणारे आणि इंटरनेटवरून ती आणणारे यंत्र वेगळे. त्या यंत्राने काय केले ते दाखवणारी काच वेगळी. ज्यांना त्या काचेचा उपयोग नाही, त्यांना तीच माहिती कानांनी किंवा बोटांच्या टोकांनी मिळू शकते.

दृष्टिहीन व्यक्ती संगणक वापरतात, ही गोष्ट शहरी वाचकाला आता नवी नाही. बँकेच्या शाखेत, महाविद्यालयाच्या ग्रंथालयात किंवा सरकारी कार्यालयात कानाला हेडफोन लावून काम करणारे सहकारी अनेकांनी पाहिले आहेत. मात्र नवा कोरा संगणक खोक्यातून काढून, दुसऱ्या कोणाच्याही डोळ्यांची मदत न घेता, तो पहिल्यांदा सुरू करता येतो काय, हा प्रश्न फारसा विचारला जात नाही. घरातील डोळस माणूस किंवा दुकानदार 'सेट करून देतो' म्हणतो आणि विषय तेथेच संपतो.

वस्तुतः तो तेथे संपू नये. संगणक प्रथम सुरू होतो त्या अर्ध्या-पाऊण तासात त्याचा मालक कोण, खाते कोणाच्या नावाचे, पासवर्ड कोणता, पिन कोणता, विसरल्यास खुणेचा संदेश कोणाच्या मोबाइलवर जाणार, हे सारे ठरते. ते दुसऱ्याने भरले तर घराला कुलूप आपले, पण त्याची एक किल्ली कायम शेजाऱ्याकडे, अशी अवस्था होते. पुढे त्याच संगणकावर बँकेचे व्यवहार होतात, नोकरीचे अर्ज भरले जातात, खासगी पत्रे लिहिली जातात. त्यामुळे पहिली कळ स्वतःच्या हाताने दाबता येणे ही दृष्टिहीन वापरकर्त्याच्या दृष्टीने केवळ सोय नाही, तो त्याच्या स्वातंत्र्याचा आणि खासगीपणाचा प्रश्न आहे.

अकोल्यातून पाहताना

हा प्रश्न मुंबई-पुण्यापेक्षा अकोल्यासारख्या तालुक्यात अधिक टोकदार होतो. विदर्भातील अकोला शहराशी नामसाधर्म्यामुळे घोटाळा होत असला, तरी हे अकोले प्रवरेच्या काठचे, अहमदनगर जिल्ह्यातील. या जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले. कळसूबाईचे १,६४६ मीटर उंचीचे शिखर, हरिश्चंद्रगड आणि भंडारदऱ्याचे धरण याच परिसरात येतात. तालुक्याचा पश्चिम भाग डोंगराळ, आदिवासी वस्तीचा आणि मुसळधार पावसाचा. तेथील एखाद्या वाडीतील दृष्टिहीन विद्यार्थ्याला 'जरा येऊन बघून जा' असे सांगायला तंत्रज्ञ शेजारी राहत नाही. खोके संगमनेर किंवा नाशिकच्या दुकानातून घरी आले की पुढचे जे काही करायचे ते घरातच करावे लागते.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात दृष्टीविषयक अपंगत्व असलेल्यांची संख्या सुमारे ५० लाख होती. महाराष्ट्रात ती पावणेसहा लाखांच्या घरात होती. या सगळ्यांना प्रत्येक वेळी कोणा ना कोणाचे डोळे उसने घेण्याची गरज पडू नये, असे तंत्रज्ञान आज उपलब्ध आहे आणि त्यातील बरेचसे विनामूल्य आहे. उणीव आहे ती माहितीची.

यंत्राला वाचा कशी फुटली

संगणकाच्या पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या आज्ञावलीला 'स्क्रीन रीडर' म्हणतात. 'डॉस'च्या काळात पडद्यावर केवळ अक्षरांच्या ओळी असत. त्या एकामागून एक वाचून दाखवणे तुलनेने सोपे होते. १९८९ मध्ये अमेरिकेत 'जॉज' ही आज्ञावली आली ती याच काळात. तिचे जनक टेड हेंटर यांची दृष्टी १९७८ मध्ये मोटार अपघातात गेली होती. त्यानंतर खिडक्या, चित्रे आणि माऊस यांचा जमाना आला आणि दृष्टिहीन वापरकर्त्यांपुढे मोठेच संकट उभे राहिले. चित्राला नाव नसेल, तर वाचून दाखवायचे काय? 'जॉज'ची विंडोजसाठीची आवृत्ती १९९५ मध्ये आली. पुढे संगणक प्रणालींनीच प्रत्येक बटणाचे व खिडकीचे नाव स्क्रीन रीडरला कळवण्याची व्यवस्था केली आणि वाट मोकळी होत गेली.

अडचण उरली ती किमतीची. 'जॉज'साठी हजारो रुपये मोजावे लागत. अनेकदा आज्ञावलीची किंमत संगणकाच्या किमतीला जाऊन भिडे. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या दृष्टिहीन तरुणाने २००६ मध्ये 'एनव्हीडीए' या विनामूल्य स्क्रीन रीडरचे काम सुरू केले. त्यांचे दृष्टिहीन मित्र जेम्स टेह त्यांना येऊन मिळाले. कोणालाही उतरवून घेता येईल, वाटता येईल आणि जिची अंतर्गत रचना पाहून सुधारता येईल अशी ही आज्ञावली आज जगभर वापरली जाते. दरम्यान मायक्रोसॉफ्टने विंडोज २००० पासून 'नॅरेटर' हा वाचक प्रणालीतच दिला. ॲपलने २००५ मध्ये मॅक संगणकात 'व्हॉइसओव्हर' दिला. याचा अर्थ असा, की आज दुकानातून आणलेल्या जवळजवळ प्रत्येक संगणकाच्या पोटात बोलणारा वाचक आधीपासूनच असतो. त्याला जागे कसे करायचे, एवढेच ठाऊक असावे लागते.

खोके उघडण्यापूर्वी

तयारी थोडीच लागते. सर्वांत महत्त्वाची वस्तू म्हणजे हेडफोन किंवा स्पीकर, आणि शक्य तर तो यूएसबीच्या खाचेत लागणारा असावा. संगणकाच्या स्वतःच्या ध्वनियंत्रणेची जोडणी काही वेळा पहिल्या टप्प्यात झालेली नसते. यूएसबीवरचा साधा हेडफोन मात्र बहुधा लगेच ओळखला जातो. आवाजच आला नाही तर पुढे काहीच होत नाही, म्हणून ही खबरदारी.

दुसरी वस्तू कळफलक, म्हणजेच की-बोर्ड. प्रत्येक की-बोर्डवर इंग्रजीतील एफ आणि जे या कळांवर बोटाला जाणवणारी बारीक रेघ असते. दोन्ही तर्जन्या तेथे ठेवल्या की बाकीच्या कळांचा नकाशा हाताखाली येतो. सर्वांत वरच्या रांगेतील कळा सापडणे कठीण जात असेल, तर एक-दोन कळांवर टिकली चिकटवावी. तिचा उंचवटा बोटाला पुरेसा होतो. लॅपटॉपची चालू-बंद कळ पुष्कळदा की-बोर्डच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात असते. ती बाकीच्या कळांसारखीच लागत असल्याने तिची जागा खरेदीच्या वेळीच विचारून, हात लावून पाहून घ्यावी.

पावसाळ्यात वीज वारंवार जात असेल, तर डेस्कटॉपपेक्षा लॅपटॉप बरा. मांडणी अर्ध्यावर असताना वीज गेली आणि यंत्र बंद पडले, की ते पुन्हा कोठून सुरू झाले हे केवळ ऐकून ताडणे त्रासाचे असते. डेस्कटॉपच घेतला असेल तर त्याला पडदा जोडला नाही तरी चालतो. मात्र काही संगणक पडदा न सापडल्यास चित्राचा आकार फारच लहान धरतात आणि काही बटणे खिडकीबाहेर ढकलली जातात. अशा वेळी जुना, न वापरातला पडदा जोडून ठेवला तरी काम भागते.

इंटरनेटही आधी पाहून ठेवावे. विंडोज ११ च्या घरगुती आवृत्तीत पहिल्या मांडणीच्या वेळी इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्टचे खाते मागितले जाते. घरात वाय-फाय नसेल तर मोबाइलचा हॉटस्पॉट चालतो. त्याचे नाव आणि पासवर्ड सोपे, लहान आणि पाठ असलेले ठेवावेत.

पहिला आवाज

विंडोजचा नवा संगणक सुरू केल्यावर दोन-तीन मिनिटे थांबावे. या वेळात यंत्र काहीच बोलत नाही. पंख्याची घरघर किंवा हाताला जाणवणारी किंचित ऊब, एवढीच ते चालू असल्याची खूण. त्यानंतर कंट्रोल, विंडोज आणि एंटर या तीन कळा एकत्र दाबायच्या. विंडोजची कळ डावीकडील कंट्रोल आणि ऑल्ट यांच्यामध्ये असते. 'नॅरेटर' बोलू लागतो. विंडोज १० च्या २०१७ मधील आवृत्तीपासून हीच त्रयी कायम आहे. पहिल्या प्रयत्नात आवाज आला नाही तर आणखी मिनिटभर थांबून पुन्हा दाबावे. तिसऱ्यांदाही शांतताच असेल तर आवाज वाढवण्याची कळ आणि हेडफोनची जोडणी तपासावी. एकदा सुरू झालेला वाचक त्याच कळांनी बंदही होतो, हे ध्यानात ठेवून घाईने दोनदा दाबू नये.

पुढचा प्रवास मुख्यतः चार कळांचा आहे. टॅब दाबले की पुढच्या पर्यायावर जाता येते. शिफ्ट धरून टॅब दाबले की मागच्या. वर-खाली बाणांनी यादीतील नावे ऐकता येतात. स्पेसने खूण करता येते आणि एंटरने पसंती कळवता येते. माऊसची गरज एकदाही पडत नाही. देश, की-बोर्डची भाषा, वाय-फायचे नाव, परवान्याच्या अटी, संगणकाचे नाव, खाते, पिन आणि शेवटी खासगीपणाचे पर्याय, असा साधारण क्रम असतो. संगणक जे बोलतो ते सहसा इंग्रजीत असते, हे मात्र आधीच लक्षात घ्यावे. वाचकाचे बोलणे मध्येच थांबवायचे असेल तर केवळ कंट्रोल दाबावे.

पासवर्ड टाइप करताना वाचक अक्षर उच्चारत नाही, त्या जागी खूण असल्याचे सांगतो. त्यामुळे शेजारी बसलेल्याला तो कानावरून कळत नाही. पण बोटे मात्र दिसतात. म्हणून घरच्यांनीही या टप्प्यावर पाठ फिरवणे हाच शिष्टाचार मानावा.

एनव्हीडीएची जोडणी

नॅरेटरवर काम सुरू होते, आणि अनेक जण पुढे तोच वापरतात. पण बहुसंख्य प्रशिक्षक विद्यार्थ्यांना एनव्हीडीएकडे नेतात. नॅरेटरच्या मदतीनेच ब्राउजर उघडून 'एनव्ही ॲक्सेस' या संस्थेच्या संकेतस्थळावरून ती फाइल उतरवून घ्यायची. फाइल चालू केली की छोटीशी सुरावट ऐकू येते आणि जोडणीची खिडकी स्वतःच बोलू लागते. म्हणजे जोडणी पूर्ण होण्यापूर्वीच वाचक हजर असतो. परवान्याच्या चौकोनात स्पेसने खूण करायची, टॅबने जोडणीच्या बटणापर्यंत जाऊन एंटर दाबायचे. याच वेळी नॅरेटर बंद करावा. दोन्ही वाचक एकाच वेळी बोलू लागले की काहीच कळेनासे होते.

जोडणीच्या वेळी 'साइन-इनच्या पडद्यावरही वाचक सुरू ठेवावा काय' असा पर्याय येतो. तो मान्य करणे अत्यावश्यक आहे. अन्यथा दुसऱ्या दिवशी संगणक सुरू केल्यावर पिन मागणारा पडदा मुका असतो आणि आदल्या दिवशीचे सारे श्रम वाया गेल्यासारखे वाटतात.

एनव्हीडीएचा आणखी एक उपयोग ग्रामीण भागात मोलाचा आहे. ती पेन ड्राइव्हवर ठेवून, दुसऱ्याच्या संगणकावर जोडणी न करताही चालवता येते. एमएस-सीआयटीच्या केंद्रात किंवा शाळेच्या प्रयोगशाळेत सामायिक संगणक असेल, तर विद्यार्थ्याने पेन ड्राइव्ह लावावा, काम करावे आणि तो काढून घ्यावा. केंद्रचालकाची परवानगी मात्र आधी घ्यावी.

जेथे यंत्र मुके असते

सर्व काही बोलते असे मात्र नाही. संगणक चालू केल्यापासून विंडोज जागे होईपर्यंतचे काही क्षण 'बायोस' किंवा तिची नवी पिढी असलेल्या 'यूईएफआय'च्या ताब्यात असतात. तेथे सहसा कोणताही वाचक चालत नाही. विंडोज पूर्णपणे बिघडले, नवी प्रणाली पेन ड्राइव्हवरून टाकायची झाली, किंवा यंत्र कोठून सुरू व्हावे याचा क्रम बदलायचा झाला, की या मुक्या प्रदेशातून जावे लागते. त्यासाठीची कळही सर्वत्र एक नाही. कोठे एफ २, कोठे एफ १२, कोठे डिलीट तर कोठे एस्केप.

येथे तीन मार्ग उरतात. पहिला म्हणजे तेथे जाण्याची वेळच येऊ न देणे. विंडोज पुन्हा नव्याने बसवण्याची सोय सेटिंग्जमध्ये असते आणि ती वाचकाच्या मदतीने वापरता येते. प्रणाली पूर्ण बिघडण्याची वाट न पाहता, ती बोलत असतानाच हे काम उरकलेले बरे. दुसरा मार्ग मोबाइलचा कॅमेरा. २०१७ मध्ये आलेले मायक्रोसॉफ्टचे 'सीइंग एआय' हे ॲप कॅमेऱ्यापुढील मजकूर वाचून दाखवते. २०१५ मध्ये डेन्मार्कमधून सुरू झालेल्या 'बी माय आइज'मध्ये डोळस स्वयंसेवक व्हिडिओ कॉलवर पडदा पाहून सांगतो. तिसरा मार्ग अर्थातच विश्वासातील डोळस व्यक्तीचा. यांपैकी कोणत्याही मार्गाने मदत घेताना पासवर्ड किंवा बँकेचा तपशील पडद्यावर नाही, याची खात्री आधी करावी.

मोबाइलला 'डोळा' म्हणून वापरायचे तर तोही आधी स्वतःला सुरू करता यायला हवा. अँड्रॉइड फोनच्या पहिल्याच पडद्यावर दोन बोटे काही क्षण टेकवून ठेवली की 'टॉकबॅक' हा वाचक सुरू होतो. आयफोनमध्ये बाजूची कळ तीनदा दाबली की 'व्हॉइसओव्हर' बोलू लागतो. ज्या जुन्या मॉडेलांत पुढे गोल होम बटण आहे, तेथे ते तीनदा दाबावे लागते. अनेक दृष्टिहीन विद्यार्थ्यांची ओळख प्रथम फोनशी आणि नंतर संगणकाशी होते. फोनवर जमलेली ऐकण्याची सवय संगणकावर उपयोगी पडते.

मॅक, लिनक्स आणि तळहाताएवढा संगणक

मॅक संगणकात बोटाचा ठसा ओळखणारी कळ असेल, तर कमांड धरून ती झटपट तीनदा दाबली की व्हॉइसओव्हर सुरू होतो. तशी कळ नसेल तर कमांड आणि एफ ५ दाबायचे.

लिनक्स या मुक्त प्रणालीतही चांगली सोय आहे. उबुंटूमध्ये ऑल्ट, विंडोज आणि एस या कळांनी 'ऑर्का' हा वाचक सुरू होतो. डेबियन या प्रणालीची रचना तर दाद देण्याजोगी आहे. जोडणीचा पहिला पडदा तयार झाला की संगणक 'बीप' असा आवाज करतो. तो ऐकताच एस दाबून एंटर दाबले, की तेथून पुढची सारी जोडणी बोलत बोलत पार पडते. जुना संगणक घरात पडून असेल तर हा मार्ग विचारात घेण्याजोगा आहे. विंडोज १० साठीचा मायक्रोसॉफ्टचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ त्यातील अनेक यंत्रांवर चालत नाही.

अक्षरशः पडद्याविना चालणारा संगणकही आहे. २०१२ मध्ये बाजारात आलेला 'रास्पबेरी पाय' हा पत्त्याच्या कॅटाएवढा संगणक. दुसऱ्या, आधीच बोलत्या असलेल्या संगणकावरून त्याच्या मेमरी कार्डावर प्रणाली लिहितानाच वापरकर्त्याचे नाव, पासवर्ड आणि वाय-फाय भरून ठेवता येते. कार्ड खाचेत घालून वीज दिली की तो नेटवर्कवर हजर होतो. नंतर त्याच्याशी दुसऱ्या संगणकावरून केवळ लिखित आज्ञांनी बोलायचे. आज्ञा आणि उत्तरे दोन्ही साध्या ओळी असल्याने एनव्हीडीए त्या सहज वाचते. डोळस अभियंतेही सर्व्हर अशाच रीतीने, पडदा न लावता चालवतात. प्रोग्रॅमिंगच्या क्षेत्रात दृष्टिहीनांनी स्थान मिळवण्यामागे या लिखित आज्ञांचाही वाटा आहे.

मराठीचा आवाज

संगणक बोलू लागला तरी तो मराठी बोलतो काय, हा पुढचा प्रश्न. एनव्हीडीएसोबत 'ईस्पीक' हा आवाज येतो आणि त्यात मराठी आहे. तो यंत्रासारखा, काहीसा रुक्ष वाटतो. पण वेगाने ऐकण्यास सोयीचा असल्याने सरावलेले वापरकर्ते त्यालाच पसंती देतात. अँड्रॉइड फोनमध्ये गूगलचा मराठी आवाज उपलब्ध आहे. तो कानाला अधिक नैसर्गिक वाटतो.

उच्चारांचे घोटाळे मात्र होतात. 'चार'मधला च आणि 'चाक'मधला च मराठी माणूस वेगळे उच्चारतो. लिपीत ते एकच असल्याने यंत्राला फरक कळेलच असे नाही. त्याहून मोठी अडचण जुन्या मजकुराची आहे. २००० च्या दशकात अनेक मराठी वृत्तपत्रांची संकेतस्थळे आणि सरकारी कार्यालयांतील कागदपत्रे आपापल्या खास फॉन्टमध्ये असत. पडद्यावर 'महाराष्ट्र' दिसे, पण आत साठवलेली असत ती इंग्रजी अक्षरे व चिन्हे. डोळसांना फॉन्ट उतरवून घेतला की वाचता येई. वाचक मात्र ती चिन्हेच वाचे आणि ऐकणाऱ्याच्या पदरी निरर्थक खडखडाट पडे. युनिकोडचा वापर वाढला आणि मराठी मजकूर खऱ्या अर्थाने वाचनीय झाला. आजही एखादे जुने परिपत्रक त्या फॉन्टमध्ये किंवा नुसते छायाचित्र म्हणून मिळाले, तर वाचक त्यापुढे हतबल होतो.

मराठी टाइप करण्यासाठी 'इन्स्क्रिप्ट' हा कळांचा क्रम दृष्टिहीनांना सोयीचा पडतो. यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने प्रामुख्याने उजव्या हाताला येतात. क आणि ख एकाच कळीवर असून ख साठी शिफ्ट दाबावे लागते. ग-घ, च-छ यांचेही तसेच. या तर्कामुळे कळा डोळ्यांनी शोधाव्या लागत नाहीत, बोटांना पाठ होतात. इंग्रजी आणि मराठी यांत अदलाबदल करण्यासाठी विंडोज आणि स्पेस या कळा एकत्र दाबायच्या.

काळा पडदा, सुरक्षित काम

डोळस माणसाचा संगणक त्याच्या नजरेसमोर असतो. मागे कोणी उभे असेल तर ते त्याला बहुधा कळते. दृष्टिहीन व्यक्तीचा पडदा मात्र तिच्या नकळत खोलीतील प्रत्येकाला वाचता येतो. यावरचा उपाय एनव्हीडीए आणि व्हॉइसओव्हर या दोन्हींत आहे. 'स्क्रीन कर्टन' हा पर्याय निवडला की पडदा पूर्ण काळा होतो आणि वाचक कानात बोलत राहतो. हेडफोन लावला की काम पूर्णतः खासगी. एसटीत किंवा गर्दीच्या वर्गात बसून बँकेचा व्यवहार करणाऱ्याला याचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

प्रशिक्षण, पैसा आणि कायदा

महाराष्ट्रात दृष्टिहीनांसाठीच्या संस्थांची परंपरा जुनी आहे. मुंबईत १९५२ मध्ये स्थापन झालेल्या 'नॅब' अर्थात नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडचे काम राज्यभर असून नाशिकलाही तिचे केंद्र आहे. अकोलेकरांना ते मुंबईपेक्षा जवळचे. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील दृष्टिबाधितांसाठीचे संसाधन केंद्र २००३ पासून काम करीत आहे. पुण्यात मीरा बडवे यांच्या 'निवांत'ने दृष्टिहीन विद्यार्थ्यांना उच्च शिक्षण आणि संगणकाच्या वाटेवर आणले.

पूर्वी दृष्टिहीनांसाठी टेलिफोन ऑपरेटर ही हमखास नोकरी मानली जाई. स्वयंचलित यंत्रणा आल्यावर ती आटली. संगणकाने जे हिरावले त्याची भरपाई संगणकच करू शकतो, पण ती तो वापरता येणाऱ्यालाच मिळते.

पैशांसाठी एक मार्ग अनेकांना ठाऊक नसतो. स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावी, असे राज्य शासनाचे निर्देश आहेत. त्यात ग्रामपंचायतीही येतात. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र जोडून लेखी मागणी करता येते.

कायदाही बाजूने आहे. १९ एप्रिल २०१७ पासून लागू झालेल्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ४२ मध्ये, रोजच्या वापरातील इलेक्ट्रॉनिक वस्तू सर्वांना वापरता येतील अशा रचनेच्या असाव्यात यासाठी शासनाने उपाय करावेत, असे म्हटले आहे. सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात, सुगम्यतेचे निकष केवळ शिफारसवजा ठेवणारा नियम कायद्याशी विसंगत ठरवला आणि बंधनकारक निकष करण्यास सांगितले. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला गेला. त्यातील एक याचिकाकर्ते दृष्टिहीन होते आणि प्रश्न होता तो केवायसीच्या वेळी कॅमेऱ्यापुढे डोळे मिचकावण्यासारख्या अटींचा.

निकालांचा अर्थ प्रत्यक्षात उतरायला वेळ लागतो. चित्रातील अक्षरे ओळखून लिहा, असे सांगणारा 'कॅप्चा' आजही अनेक संकेतस्थळांवर आडवा येतो. स्वतःच्या हाताने सुरू केलेला संगणक तेथे येऊन अडतो तेव्हा दोष वापरकर्त्याचा नसतो, संकेतस्थळ बांधणाऱ्याचा असतो. त्याची लेखी तक्रार करणे हाही वापराचाच भाग समजावा.

लक्षात ठेवण्याजोग्या कळा

विंडोज, नॅरेटर सुरू किंवा बंद : कंट्रोल + विंडोज + एंटर
एनव्हीडीए सुरू : कंट्रोल + ऑल्ट + एन
एनव्हीडीएमध्ये कळ दाबून तिचे नाव ऐकणे : इन्सर्ट + १ (पुन्हा दाबल्यास बंद)
खिडकीचे शीर्षक ऐकणे : इन्सर्ट + टी
संकेतस्थळावर पुढच्या मथळ्यावर जाणे : एच
बोलणे थांबवणे : कंट्रोल
मॅक : कमांड + एफ ५
उबुंटू : ऑल्ट + विंडोज + एस
डेबियनची जोडणी : बीप ऐकून एस, मग एंटर

घरात दृष्टिहीन व्यक्तीसाठी संगणक आणला जाणार असेल, तर डोळसांनी करायचे काम थोडेच आहे. खोके तिच्याच हाती द्यावे. चालू-बंद कळ आणि जोडणीच्या खाचा कोठे आहेत हे तिचा हात तेथे नेऊन एकदा दाखवावे, वरील कळांची यादी मोठ्याने वाचून दाखवावी आणि बोलावल्याखेरीज जवळ येऊ नये. पहिल्या दिवशी पाऊण तासाऐवजी तीन तास लागले तरी चालतील. त्या तीन तासांनंतर त्या संगणकाचा पासवर्ड फक्त त्याच्या मालकालाच ठाऊक असेल.